मुंबईचा जागतिक चषक व आमचें भाताचें खाचर

भाताची कापणी आटोपली म्हणजे नातें गांवच्या खाचरांतून मुलांचे खेळ सुरू होतात. विटीदांडू, लगोरी, क्रिकेट हे त्यांतले मुख्य. हॉकीची काठी हातीं घेतलेला मुलगा मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. कित्येक पालकांची समजूत अशी कीं, हा खेळ पंजाबांतील लोकांचा किंवा लष्करांतील शिपायांचा. कोंकणांतील मुलास त्याचें काय? ज्या खेळानें आपल्या देशास ऑलिंपिक सामन्यांत आठ वेळां सुवर्णपदक मिळवून दिलें, त्याविषयीं इतकी उदासीनता बरी नव्हे. म्हणून राष्ट्राराष्ट्रांची हॉकीची जागतिक स्पर्धा म्हणजे काय, ती एकदां आपल्या मुंबईंत कशी झाली व तिजपासून आम्हीं काय शिकावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. प्रत्येक पक्षाचे अकरा खेळाडू असतात. मैदान सुमारें ९१ मीटर लांब व ५५ मीटर रुंद असतें. काठीची एकच बाजू सपाट असून चेंडूस तेवढ्याच बाजूनें स्पर्श करण्याची मुभा आहे. गोलासमोर एक अर्धवर्तुळाकार रेषा आंखलेली असते. तिच्या आंतून मारलेला चेंडूच गोल ठरतो. यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानीं येईल कीं, दुरून जोरानें तडाखा देणाऱ्यापेक्षां चेंडू सोबत्याच्या स्वाधीन करीत पुढें सरकणाऱ्यासच येथें यश मिळतें. एकट्याच्या पराक्रमाचा हा खेळ नव्हे.

आतां स्पर्धेकडे वळूं. ऑलिंपिकखेरीज हॉकीची स्वतंत्र जागतिक स्पर्धा असावी, ही कल्पना पाकिस्तानचे एअर मार्शल नूर खान व क्रीडालेखक पॅट्रिक राउली यांनीं पुढें मांडली. त्याप्रमाणें १९७१ सालीं स्पेनमधील बार्सिलोना शहरीं पहिली स्पर्धा भरली व पाकिस्ताननें ती जिंकली. १९७३ सालीं हॉलंड विजयी झाला. १९७५ सालीं क्वालालंपूर येथें भारतानें अंतिम सामन्यांत पाकिस्तानचा २ विरुद्ध १ गोलांनीं पराभव केला. त्यांतील विजयाचा गोल सुप्रसिद्ध ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांचा होता. १९७८ सालीं चषक पुनः पाकिस्तानकडे गेला.

पांचवी स्पर्धा मुंबईंत, चर्चगेटजवळील बॉम्बे हॉकी असोसिएशनच्या मैदानावर, २९ डिसेंबर १९८१ पासून १२ जानेवारी १९८२ पर्यंत झाली. बारा राष्ट्रांचे संघ आले होते. त्यांचे सहा-सहांचे दोन गट पाडले होते. गट पाडण्याचें प्रयोजन काय, असें विद्यार्थी विचारतील. एका पराभवाबरोबर संघ बाद करावयाचा ठरविल्यास हजारों मैलांवरून आलेल्या संघास एकच सामना खेळून परतावें लागेल, व एखाद्या दिवसाच्या दैवावर सर्व निकाल अवलंबून राहील. गटांत प्रत्येक संघ इतर पांचांशीं एकेकदां खेळतो. सहास पांचांनीं गुणून दोहोंनीं भागिलें असतां पंधरा येतात. म्हणजे दोन गटांचे तीस सामने. मग प्रत्येक गटांतील पहिले दोन संघ उपान्त्य फेरींत जातात.

भारत ज्या गटांत होता, त्यांतच ऑस्ट्रेलिया व हॉलंड हे बलाढ्य संघ होते. तेच दोघे पुढें गेले, आणि स्वतःच्या भूमीवर खेळणाऱ्या भारतास पांचव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. अंतिम सामन्यांत पाकिस्ताननें पश्चिम जर्मनीवर ३ विरुद्ध १ असा विजय मिळविला. हसन सरदार हा त्या संघाचा नांवाजलेला आघाडीचा खेळाडू होता.

या स्पर्धेचें एक वैशिष्ट्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नैसर्गिक गवतावर खेळली गेलेली ही शेवटची जागतिक स्पर्धा होय. १९७६ सालीं माँट्रिऑल येथील ऑलिंपिकमध्यें हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली, व हळूहळू सर्व मोठे सामने तसल्याच मैदानांवर होऊं लागले. गवतावर चेंडू उसळतो व थबकतो. त्यास काठीवर झेलून मनगटाच्या हालचालीनें वळविण्यांत आमचे खेळाडू निष्णात होते. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ व वेगानें धांवतो. तेथें दमसास व जलद धांव यांस अधिक महत्त्व येतें. शिवाय असें मैदान फार खर्चाचें; ज्यांजवळ द्रव्य, त्यांच्याच मुलांस सरावाची सोय आधीं मिळाली. हा अन्याय खरा आहे. गरीब मुलानें वर्षानुवर्षें एका भूमीवर शिकावें व परीक्षा दुसऱ्याच भूमीवर द्यावी, असाच हा प्रकार.

तथापि सर्व दोष मैदानावर टाकतां येणार नाहीं. १ डिसेंबर १९८२ रोजीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत, कृत्रिम मैदानावर, पाकिस्ताननें भारतास ७ विरुद्ध १ असें हरविलें. म्हणजे ज्यांनीं जानेवारींत गवतावर चषक जिंकला, तेच डिसेंबरांत कृत्रिम मैदानावरही जिंकले. भूमि बदलते, साधनें बदलतात. जो त्यांच्याबरोबर स्वतःस बदलतो, तोच टिकतो. भारतास हा धडा गिरविण्यास फार काळ लागला. १९८० च्या सुवर्णपदकानंतर ऑलिंपिकमधील पुढचें पदक, तेंही कांस्याचें, २०२१ सालीं टोकियो येथें मिळालें. २०२४ सालीं पॅरिसमध्यें तसेंच दुसरें मिळालें.

आपल्या प्रांताचा या खेळाशीं संबंध नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही मिशनची शाळा हॉकीसाठीं प्रसिद्ध असून, १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें खेळलेले जोकिम कार्व्हालो हे तेथलेच विद्यार्थी. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत वाढलेले धनराज पिल्ले यांचें उदाहरण तर प्रत्येक मुलानें मनांत बाळगावें. मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन धुळीच्या मैदानावर ते शिकले. पुढें चार ऑलिंपिक व चार जागतिक स्पर्धा ते खेळले, आणि १९९८ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें बँकॉक येथें आशियाई सुवर्णपदक मिळविलें.

आमच्या खाचरांत कृत्रिम गवत येण्याची आशा आम्ही आज बाळगीत नाहीं. पावसाळ्यांत तेथें गुडघाभर पाणी, व उन्हाळ्यांत ढेंकळें. परंतु चेंडूवर दृष्टि ठेवणें, सोबत्यास वेळेवर चेंडू देणें, पंचाचा निर्णय निमूटपणें मानणें व हरल्यावर दुसऱ्या दिवशीं पुनः मैदानांत उतरणें, या चार गोष्टींस कोणत्याही मैदानाची अडचण नाहीं. त्या जो येथें शिकेल, त्यास पुढें चांगलें मैदान मिळालें तर तो त्याचें सोनें करील. न मिळालें तरी त्या त्याच्या संसारांत उपयोगीं पडतील. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, संध्याकाळीं धुळीनें माखून घरीं आलेल्या मुलास रागें भरण्यापूर्वीं, आज तूं सोबत्यास चेंडू दिलास काय, एवढें त्यास विचारावें.