विहार पाडण्याआधी एकदा मोजून तर पाहा!

मे महिन्यात राजापूर तालुक्यातील एका बौद्धवाडीच्या बैठकीला जाण्याचा योग आला. मुंबई शाखेची मंडळी खास गाडी करून आली होती. विषय एकच: जुना विहार पाडून त्या जागी स्लॅबचा दुमजली हॉल बांधायचा. धर्मांतरानंतरच्या काळात वाडीतल्या माणसांनी डोक्यावरून चिरे वाहून उभारलेली ही वास्तू. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी. लग्ने इथेच लागतात, गावकी इथेच बसते, वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इथेच वाचला जातो. जागा अपुरी पडते हे खरेच. चाकरमानी गावी आले की निम्मी माणसे अंगणात मांडवाखाली. ठराव मंजूर होणार इतक्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "वकीलसायब, पाडल्याबिगर वाढवता नाय येत काय?"

सभा गप्प झाली. मीही.

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना बुलडोझरखाली गेला, तेव्हा तमाम आंबेडकरी जनता पेटून उठली. १९ जुलैला भर पावसात मुंबईत विराट मोर्चा निघाला. तिथेही कारण नव्या, मोठ्या इमारतीचेच होते. १ जुलै २०२४ रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाविरुद्ध जनता रस्त्यावर आली, स्तूपाला धोका होईल म्हणून. आणि सरकारला काम थांबवावे लागले. या दोन्ही वेळी आपण बरोबर होतो. मग आपल्याच वाडीतला विहार आपण आपल्याच हाताने, वर्गणी काढून, नारळ न फोडता का होईना पण टाळ्या वाजवून पाडतो, त्याला काय म्हणावे?

जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. या जिल्ह्यात जुने म्हणजे खोताचा वाडाही होता. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते जुने जपण्यासाठी नव्हे. पण ज्यांना स्वतःचे म्हणून चार भिंतींचे सभागृह नव्हते, त्यांनी उभारलेल्या पहिल्या चार भिंती हा आपला दस्तऐवज आहे. दुसरा बहुधा कुठे लिहिलेलाच नाही.

आणि वाढवण्याची रीत तर आपलीच आहे. सांचीचा मोठा स्तूप पाहा. अशोकाच्या काळातला मूळ स्तूप विटांचा. शुंगकाळात तो जवळजवळ दुप्पट केला, तो पाडून नव्हे, त्याच्याभोवती दगडी आवरण चढवून. तोरणे त्यानंतर सातवाहन काळात आली. मूळ आतच राहिले. १९६४ साली व्हेनिसच्या सनदेत जगातल्या जाणकारांनी जवळपास हेच लिहिले: भर घालायची तर मूळ वास्तूला उणेपणा येऊ नये अशी घाला, आणि नवे ते नवे म्हणून ओळखू येऊ द्या.

आता कोकणातले गणित. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट स्लॅब गळतो, आणि मग त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. जिल्ह्यातला कोणताही रस्ता धरा, हे दिसेल. म्हणजे कौले काढून स्लॅब, आणि स्लॅब झाकायला पत्रा! त्यापेक्षा जुन्या विहाराच्या मागे किंवा बाजूला नवा हॉल बांधावा. दोघांचे पाये वेगळे, मध्ये बुटका जोडमार्ग. कारण जुनी जांभ्याची भिंत आणि नवे काँक्रीट सारखे बसत नाहीत, एकमेकांना बांधले की तडा जातो. नव्याचे छप्पर जुन्या आढ्यापेक्षा खाली, उतरतेच. दोन छपरांचे पाणी एकाच पन्हळीत सोडू नये. गळती हमखास तिथेच सुरू होते. जांभा पाणी पितो, त्याला श्वास लागतो, म्हणून जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा थापू नये, चुना बरा. पडवीला हात लावू नये. स्वयंपाकघर, संडास, अभ्यासिका, भांड्यांची खोली हे सगळे नव्यात न्यावे. मग जुन्यात बसायला आहे त्याहून जागा होते.

आता माझ्या धंद्याचे. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. धर्मांतरानंतरचा विहार त्यात बसत नाही. म्हणजे तो वाचवणारा कायदा शोधू नका, तुमचा ठरावच कायदा. पण मालकीचे काय? विहार नोंदणीकृत ट्रस्टचा असेल, तर त्याच्या परिशिष्टात मिळकतीची नोंद आहे का पाहा. असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ मुळे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता वा दान करता येत नाही. शासकीय निधीतून उभे राहिलेले समाजमंदिर मात्र सर्वसाधारणपणे ग्रामपंचायतीच्या दप्तरी चढते. विहार पाडून तिथेच निधीचा हॉल उभा केलात, तर काल जे वाडीचे होते त्याची चावी उद्या सरपंचाकडे. सरपंच आपला असेलच असे नाही. जुना विहार आपल्या नावे ठेवून निधी फक्त नव्या भागाला घ्यावा, आणि दोन्हींच्या जागा नकाशात व ठरावात वेगळ्या दाखवाव्यात. पैसे घेण्याआधी, नंतर नाही.

हे सगळे मी त्या बैठकीत सांगितले. मुंबईकरांतला एक तरुण चिडला. "आमच्या पिढीने कौलांखालीच बसायचे का?" त्याचा राग मला कळतो. शेजारच्या वाडीत मोठे सभागृह झाले आहे, पाहुणे तुलना करतात. त्याला म्हटले, नवा हॉल हवाच, माईक हवा, पंखे हवेत, फक्त तो कुठे हवा एवढेच बोलू.

मग टेप मागवली. जुना विहार तीस फूट बाय अठरा भरला, मागे मोकळी जागा चाळीस फूट. हे आजवर कुणी मोजलेच नव्हते. ठराव तहकूब झाला. पावसाआधी कौले परतून घ्यायची, सातबारा आणि नमुना आठ काढायचा, आणि दिवाळीनंतर पुन्हा बसायचे असे ठरले. आजी तोवर चहा ठेवायला उठून गेल्या होत्या.