लहान पावलांची नगरफेरी

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास पुण्याच्या शनिवारवाड्यासमोरील पटांगणात अलीकडे एक दृश्य वारंवार दिसते. पंधरा-वीस माणसांचा घोळका दिल्ली दरवाजाकडे तोंड करून उभा असतो. मध्यभागी एक वाटाड्या बोलत असतो आणि घोळक्याच्या कडेला वडीलधाऱ्यांचे बोट धरून दोन-चार लहान मुले उभी असतात. वाटाड्या सन १७३० पासून आरंभ करतो. थोरल्या बाजीरावांनी पाया घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतला इमला भस्मसात झाला, हा सारा क्रम तो आस्थेने सांगतो आणि मोठी माणसे माना डोलावतात. मुलांपैकी एखादे मात्र दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळ्यांकडे टक लावून पाहत असते. हे खिळे कशासाठी, एवढेच त्याला विचारायचे असते. परंतु त्याचा प्रश्न ओठांवर येईतो घोळका पुढे सरकलेला असतो.

जुन्या वस्तीतून माणसांना पायी हिंडवून आणणाऱ्या अशा फेऱ्यांची प्रथा गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चांगलीच रुजली आहे. ती स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. ज्या शहरात जन्म गेला त्या शहराची ओळख बसच्या खिडकीपलीकडे न गेलेली माणसे थोडी नाहीत. आईवडील आपल्या मुलांना अशा फेरीस आवर्जून नेऊ लागले आहेत, ही तर त्याहून आनंदाची गोष्ट. प्रश्न एवढाच, की ही फेरी मुलांसाठी असते, की मोठ्यांच्या फेरीत मुले केवळ ओढली जात असतात?

खिळे, गेंडा आणि हातोडा

चार ते आठ वर्षांच्या मुलाला सनावळीत रस नसतो, याचा अर्थ त्याला इतिहासात रस नसतो असा नव्हे. त्याचा इतिहास वस्तूपासून सुरू होतो. दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून बसविलेले आहेत, एवढे सांगितले की शत्रू, वेढा, हत्ती आणि भय हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच अजस्र दाराच्या पोटात एक लहानशी दिंडी आहे. मोठ्या माणसाला तेथे वाकावे लागते, लहान मूल ताठ मानेने आत जाते. पेशव्यांच्या वाड्यात आपणच तेवढे न वाकता शिरलो, हा आनंद त्याला १७३२ या आकड्यातून मिळणार नाही.

जुन्या पुण्यात अशा जागांना तोटा नाही. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर अठराव्या शतकातील. गर्भगृहातील मूर्तीला तीन सोंडा आहेत आणि ती मोरावर बसली आहे. ह्या एका गोष्टीनेच मुलांचे डोळे विस्फारतात. मंदिराच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधला जात असलेला एक गेंडा कोरलेला आहे आणि त्याला बांधणारे शिपाई गोरे आहेत. पूर्व भारतात पाय रोवणाऱ्या इंग्रजी सत्तेचे ते रूपक असावे, असे मानले जाते. रूपकाचा अर्थ मोठ्यांनी घरी जाऊन वाचावा. गेंड्याला कोणी बांधले आणि का बांधले, हा प्रश्न मुलाने त्या दगडासमोरच विचारला पाहिजे.

तेथून कसबा पेठेतील तांबट आळी दूर नाही. ती डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते. तांब्याच्या भांड्यावर एकापुढे एक हातोडीचे ठोके पाडून त्याला बळकटी आणि झळाळी आणणारे माठारकाम आजही तेथे चालते. ठोका चुकला तर भांडे बिघडते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने तो सहसा चुकत नाही. श्रम आणि कौशल्य या शब्दांचा अर्थ पाठ्यपुस्तकातून समजावण्यास शिक्षकाला एक तास लागतो. येथे तो पाच मिनिटांत समजतो. मात्र तांबट हा काही प्रदर्शनातील वस्तू नव्हे. त्याच्या दाराशी उभे राहण्यापूर्वी त्याची परवानगी विचारावी आणि शक्य तर एखादे लहानसे भांडे विकत घ्यावे, हे मुलाने वडीलधाऱ्यांच्या वागण्यातून शिकणे हा त्या फेरीतला मोठा धडा होय.

आणि मग पुण्याच्या देवांची नावे! जिलब्या मारुती, भांग्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा. ही नावे ऐकून हसत नाही असे मूल विरळा. पासोड्यांचा बाजार जवळ भरत असे म्हणून पासोड्या विठोबा, अशी व्युत्पत्ती सांगतात. इतरांविषयीही एकेक कथा प्रचलित आहे. कोणत्या गल्लीत काय विकले जाई आणि तेथे कोणाची वस्ती होती, याची नोंद लोकांनी देवाच्या नावात करून ठेवली. मुलाच्या हसण्यातूनच ती नोंद त्याच्या स्मरणात जाते.

खरे किती सांगावे?

लहान मुलांना इतिहासस्थळी नेणाऱ्या पालकाची खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागते. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. हा प्रसंग सांगताना अनेकांना रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळीची आणि भुताची फोडणी दिल्यावाचून राहवत नाही. मोठ्यांची त्यात घटकाभर करमणूक होते, मुलाची मात्र दोन रात्रींची झोप उडते. शिवाय त्याच्या मनात त्या वास्तूचे जे चित्र राहते ते भुताटकीचे, इतिहासाचे नव्हे. याउलट काही पालक तो विषयच टाळतात. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. घरातल्या माणसांत सत्तेसाठी वैर आले, त्यात एका तरुणाचा जीव गेला आणि रामशास्त्री नावाच्या न्यायाधीशाने तो अपराध करणाऱ्यांची भीड धरली नाही, एवढे सहा वर्षांच्या मुलाला शांतपणे सांगता येते. भयाच्या गोष्टीत न्यायाची बाजू आली की मुलाला आधार मिळतो.

दुसरी कसोटी लाल महालात लागते. चौथीत गेल्यावर ज्या वास्तूविषयी वाचावयाचे, ती आधीच पाहिल्याचा मुलाला अभिमान वाटतो आणि ते स्वाभाविकच. पण एखादे चिकित्सक मूल विचारते, शिवाजीमहाराज याच भिंतींच्या आत राहत होते का? उत्तर स्पष्ट द्यावे. जिजाबाई आणि बाल शिवाजी राहिले तो महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. शाहिस्तेखानावरचा एप्रिल १६६३ चा छापा या परिसरात पडला. आज उभी असलेली वास्तू मात्र महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधलेली आहे. असे सांगितल्याने मुलाचा हिरमोड होईल, ही भीती अनाठायी होय. जागा खरी आणि भिंती नव्या, हा भेद मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, कारण आजीचे जुने घर पाडून तेथे इमारत झालेली त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिलेली असते.

जे उरलेच नाही तेही दाखविता आले पाहिजे. बुधवार पेठेत ज्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तो जीर्ण वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरविण्यात आला. सात वर्षांच्या मुलीला तेथे उभे करून, तुझ्यासारख्या मुलींनी शिकू नये असे लोकांना वाटत होते तेव्हा येथे पहिला फळा लागला, असे सांगावे. वाडा नसला तरी तिला सारे समजते. तेथून थोड्याच अंतरावर मंडईची १८८६ सालची अष्टकोनी दगडी इमारत आहे. आज तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. पण नगरपालिकेचे सदस्य असताना याच इमारतीवरील खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता. त्यांना आधी शिक्षण हवे होते. शाळेचा पैसा बाजाराकडे जाऊ नये म्हणून भांडलेल्या माणसाचे नाव शेवटी बाजाराला लागले, ही विसंगती मोठ्या मुलांना सांगावी आणि लहानांना मंडईतील भाज्यांची नावे ओळखावयास लावावी. दोघांचेही समाधान होते.

घरात आजी-आजोबा असतील तर वाटाड्याचे अर्धे काम तेच करतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील घरे पाण्याखाली गेली. त्या दिवशी शाळकरी वयात असलेली माणसे आज आजोबा झाली आहेत. पाणी कुठवर आले होते ते आजोबांनी हात वर करून दाखविले, की नातवाला त्या भिंतीची उंची निराळीच भासू लागते.

रस्ता कोणाचा?

येथवरचे सारे पालकाच्या आणि वाटाड्याच्या हाती आहे. जे त्यांच्या हाती नाही ते सर्वांत कठीण आहे आणि ते म्हणजे चालणे. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचे अंतर जेमतेम किलोमीटरभर असेल. पण पाच वर्षांच्या मुलाला घेऊन ते चालून पाहावे. पदपथ कोठे दुकानाच्या मालाने व्यापलेला, कोठे दुचाक्यांनी अडविलेला, तर कोठे फरशा उखडून वर आलेला. बाबागाडी ढकलावी तर दर दहा पावलांवर ती उचलून घ्यावी लागते. मुलाचे नाक वाहनांच्या धुराच्या नळीच्या उंचीवर येते, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. सबंध फेरीत आईचा हात मुलाच्या मनगटावरून क्षणभरही सुटत नाही. ज्या मुलाला धावता येत नाही आणि रेंगाळताही येत नाही, त्याने शहर पाहावे तरी कसे?

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणून ते पेठांतील हौदांत खेळविले गेले, असे वाटाडे अभिमानाने सांगतात. नेमके तेव्हाच एखादे मूल तहान लागल्याचे सांगते. मग पाण्याचा सार्वजनिक नळ आणि स्वच्छ मुतारी शोधण्यात फेरीचा पाव तास जातो. वारशाचा अभिमान आणि वर्तमानातील गैरसोय यांची इतकी जवळची भेट अन्यत्र क्वचितच होत असेल.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांविषयीचे धोरण मंजूर केले. डिसेंबर २०२१ मध्ये पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवण्यात आला, तेव्हा त्याच रस्त्यावर मुले मोकळेपणी खेळली. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांपर्यंत येते, म्हणजे मुलाला घेऊन जुन्या शहरात उतरणे सोपे झाले आहे. परंतु स्थानकाच्या पायऱ्या चढून वर आल्यावर जो रस्ता लागतो तो तसाच राहिला तर भुयारातल्या सोयीचा उपयोग अपुराच ठरणार. लहान मुलाला हात सोडून चालता येते की नाही, ही शहराच्या सुव्यवस्थेची साधी परीक्षा आहे. त्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही.

शिक्षकांचे काम

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. या फेऱ्यांना बहुधा शुल्क असते, अनेकदा भाषा इंग्रजी असते आणि येणारी कुटुंबे सुखवस्तू असतात. ज्या आळ्यांतून ही फेरी जाते तेथील मुले उंबऱ्यावर बसून पाहुण्यांकडे पाहत राहतात. ज्यांचा वारसा, तीच मुले त्याची केवळ पार्श्वभूमी ठरतात. हे अंतर शाळाच मिटवू शकते. शाळेची सहल म्हणजे दूरचे ठिकाण, बस आणि डबा, हे समीकरण थोडे बाजूला ठेवावे. शाळेपासून अर्ध्या तासाच्या परिघात पाहण्याजोगे काय आहे, याचा शोध शिक्षकांनी मुलांसह घ्यावा. पुण्यातच नव्हे, वाई, पैठण, कोल्हापूर, पणजी, कोठेही असे एखादे दार, एखादी बारव, एखादी कारागिरांची गल्ली असतेच.

अशा फेरीचे नियम थोडे आहेत. वेळ सकाळची असावी आणि दीड तासाहून अधिक नसावी. थांबे चार-पाचच असावेत आणि प्रत्येक थांब्यावर हात लावण्याजोगे, मोजण्याजोगे किंवा ऐकण्याजोगे काहीतरी असावे. मुले दहा-बारापेक्षा अधिक नसावीत. वाटाड्याने कमी बोलावे आणि अधिक विचारावे. एखाद्या मुलाने मांजराच्या पिलाकडे पाहण्यात पाच मिनिटे घालविली, तर ती पाच मिनिटे फुकट गेली असे समजू नये. त्या गल्लीशी त्याचे नाते जडले, ते त्या पिलामुळेच.

आणखी वीस वर्षांनी याच मुलांपुढे प्रश्न येतील. एखादा वाडा पाडावा की राखावा, रस्ता रुंद करावा की पदपथ, मैदान विकावे की ठेवावे. ज्याने शहर केवळ काचेआडून पाहिले त्याला हे प्रश्न कागदावरचे वाटतील. ज्याने तांबट आळीतला ठोका ऐकला आणि दिल्ली दरवाजाच्या दिंडीतून न वाकता प्रवेश केला, त्याला ते आपल्या घरातले वाटण्याचा संभव अधिक. म्हणून पुढच्या फेरीत घोळका पुढे सरकू लागला आणि एखादे मूल खिळ्यांपाशी अडून राहिले, तर त्याचा हात ओढू नये. घोळक्याने थांबावे.