बेचाळीसची थरथर

सत्तरपर्यंत गाडी लोण्यासारखी पळायची. पंचाहत्तरला सीटखालून बारीक गुरगुर सुरू व्हायची, 80ला आरशातला मागचा ट्रक धूसर दिसायला लागायचा आणि पंचाण्णव ओलांडले की सगळं पुन्हा गुपचूप. चारही चाकांना ताकद देणारी ही सेकंडहँड एसयूव्ही मी मोठ्या हौसेनं घेतली होती. तीन महिन्यांत तीन वेळा व्हील बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट आणि पुढचे दोन टायर नवे करून झाले, तरी थरथर जागच्या जागी. दोष सगळा गॅरेजवाल्यांचा म्हणता येणार नाही. मी दर वेळी ‘व्हायब्रेशन मारतेय’ एवढंच सांगायचो, आणि ते आपल्याला जे येतं ते करायचे.

शेवटी ज्यांच्याकडे गेलो, त्या मिस्त्रींनी पान्हा उचलण्याआधी एकच गोष्ट विचारली. ‘‘साहेब, थरथर कशाबरोबर बदलते? गाडीच्या स्पीडबरोबर, इंजिनाच्या आरपीएमबरोबर, की पायाबरोबर?’’ पाय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. मला उत्तर माहीत नव्हतं. मग आम्ही दोघं मोकळ्या रस्त्यावर गेलो.

आधी 80चा वेग पाचव्या गिअरमध्ये, मग तोच चौथ्यात. इंजिन जास्त फिरू लागलं, थरथर होती तशीच. मग 85ला नेऊन गाडी न्यूट्रल केली. (इंजिन चालूच ठेवायचं, बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही साथ सोडतात.) तरीही थरथर कायम. म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंग संशयातून सुटली. पाय दाबल्यावरच गाडी कापली असती आणि सोडल्यावर थांबली असती, तर संशय एक्सलच्या आतल्या बाजूच्या सीव्ही जॉइंटवर गेला असता. स्टिअरिंग स्थिर होतं; हलत होती ती सीट, तिच्याखालचा पत्रा आणि बाटलीतलं पाणी. पुढची चाकं बहुधा निर्दोष. म्हणजे ज्या पुढच्या टायरांवर मी पैसे घातले, तेच.

पुढचं काम शाळेतल्या गणिताचं. माझ्या टायरचा घेर 2.1 मीटर. 80च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेदहा फेऱ्या. मागच्या डिफरन्शियलचा रेशो माझ्या गाडीत जवळपास 4 आहे. त्यामुळे पोटाखालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चौपट, म्हणजे सेकंदाला सुमारे 42 वेळा फिरतो. थरथर 10-11ची आली तर चाक, 42ची आली तर शाफ्ट. मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतोच. फुकटचं अ‍ॅप घेतलं, फोन मधल्या पत्र्यावर सपाट ठेवला आणि आकडे वाचायला मिस्त्रींना बसवलं. आलेखात एकच शेंडा उभा राहिला. 42.

गाडी रॅम्पवर चढवून शाफ्ट उतरवण्याआधी मिस्त्रींनी प्रत्येक फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. जोडताना रेघेला रेघ लागली पाहिजे. शाफ्ट अर्धा फेरा चुकून बसला, तर कारखान्यात साधलेला तोल बिघडू शकतो. सरकत्या जोडाचे दाते निसटले, तर भानगड आणखी मोठी. तिचं कारण रॉबर्ट हूकपर्यंत जातं; शाळेत ज्याचा स्प्रिंगचा नियम आपण पाठ केला, तोच. सतराव्या शतकात त्यानं ज्या सांध्याचा अभ्यास केला, त्याला आपली गॅरेजं ‘क्रॉस’ म्हणतात. हा सांधा वाकवून फिरवला, की एका टोकाचा वेग एकसारखा असला तरी दुसऱ्या टोकाचा एका फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्क्यापर्यंत जातो. म्हणून दोन टोकांना दोन क्रॉस, दोन्हींचे कोन सारखे आणि बाहू एका रेषेत: पहिल्यानं केलेला घोळ दुसरा निस्तरतो. दात्यांची जागा चुकली, की निस्तरण्याऐवजी भर घालतो.

माझ्या शाफ्टचे दाते जागेवर होते. मिस्त्रींनी मागचा क्रॉस माझ्या हातात दिला. एका दिशेला तो सहज झुकत होता. दुसऱ्या दिशेला मध्यावर आला की ‘कट्’ करून अडायचा, आणि वर-खाली ओढला तर अंगठ्याला प्ले कळायचा. टोपी काढली, तर आत ग्रीसऐवजी कुंकवासारखा लाल भुगा. बेअरिंगच्या बारीक सुया गंजून झिजल्या होत्या आणि क्रॉसच्या चकचकीत अंगावर त्यांचे ओळीनं चरे उमटले होते. आधीच्या मालकानं कधीतरी गाडी पाण्यात घातली असणार. तेवढ्या प्लेमुळे शाफ्ट मध्यावर फिरायचं सोडून सेकंदाला 42 वेळा बाहेर झोके घेत होता.

कंपनीच्या हिशेबी हा क्रॉस बदलायचा नसतोच. तो ठोकून पक्का केलेला असतो आणि अख्खा शाफ्ट घ्यावा लागतो. पण शाफ्टचंच काम करणाऱ्या एका वर्कशॉपनं ती ठोकलेली कड घासून काढली, सर्क्लिपवाला नवा क्रॉस बसवला आणि मशिनवर तोल साधून दिला.

आता राहिला माझा शहाणपणा. पुढचे टायर नवे, 8 मिलिमीटर खाचांचे. मागचे 4वर आलेले. घेरात कागदावर 25 मिलिमीटरचा फरक, म्हणजे मागच्या चाकांना किलोमीटरमागे पाच-सहा फेऱ्या जास्त. एरवीच्या गाडीत हे खपून जातं. पुढचा-मागचा एक्सल जोडणाऱ्या गाडीत मात्र हा हिशेब मधल्या कपलिंगला सरळ रस्त्यावरसुद्धा चुकता करत राहावा लागतो, आणि ते तापतं. मागेही दोन नवे टायर घ्यावे लागले.

परवा पुन्हा फोन पत्र्यावर ठेवला. 42चा शेंडा गेला आहे. त्याच्या डावीकडे, 11च्या आसपास एक बारकी टेकडी दिसते, आधीच्या डोंगरामागे लपलेली. मिस्त्री म्हणाले, ‘‘मागचा डावा रिम आहे, साहेब. खड्ड्यात वाकलाय. येताय का शनिवारी?’’