नकाशा सरकारचा, कस लहान कंपन्यांचा

मालमत्ता कराचे फेरसर्वेक्षण, जलवाहिन्यांचे नकाशे, गावठाणांची मोजणी अशा सरकारी कामांच्या निविदा वाचल्या, की दहा-पंधरा अभियंत्यांच्या कंपनीला आपण यात बसत नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळते. मागील तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा पूर्वानुभव आणि बयाणा रक्कम या तीन अटी बहुतेकांना दारातच अडवतात. तरीही भूस्थानिक माहितीच्या क्षेत्रात लहान कंपन्या टिकून आहेत. त्या कशा टिकल्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी अडचण मुळात नकाशाचीच होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी आणि संरक्षण दलांसाठी वेगळ्या नकाशामालिका ठरवल्या. हवाई छायाचित्रांना संरक्षण खात्याची परवानगी लागे. २०१६ मध्ये तर विनापरवाना भूस्थानिक माहिती बाळगणाऱ्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवणारे विधेयक मसुद्याच्या रूपात आले होते. ते पुढे सरकले नाही, हे बरेच झाले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र पालटले. भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय, स्वयंप्रमाणनावर नकाशे तयार करण्याची मुभा मिळाली. आडव्या दिशेने एक मीटर व उभ्या दिशेने तीन मीटरपेक्षा अधिक अचूक माहिती तयार करण्याचे काम भारतीय संस्थांसाठीच राखले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमधील ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात चारशे फुटांपर्यंतच्या उड्डाणासाठी परवानगीची गरज ठेवली नाही.

कायद्याचे दार उघडले, पण निविदेचे दार वेगळेच असते. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सूक्ष्म व लघु उद्योगांना, तसेच मान्यताप्राप्त नवउद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे. नवउद्योगांसाठी उलाढाल व अनुभवाची अट शिथिल करता येते. ‘करता येते’ हे शब्द महत्त्वाचे. गुणवत्तेची जबाबदारी अंगावर नको म्हणून अधिकारी अनेकदा जुनीच अट कायम ठेवतो. शिवाय हे नियम केंद्रीय खरेदीचे. राज्ये आणि महापालिका आपापल्या नियमांनी चालतात. म्हणून निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न विचारून शुद्धिपत्रक काढून घेणे, हे लहान कंपनीचे पहिले हत्यार ठरते. तेही न साधल्यास मोठ्या कंपनीबरोबर संयुक्त निविदा भरणे किंवा उपकंत्राट घेणे एवढेच उरते. त्यात काम मिळते, मात्र अनुभवाचा दाखला बहुधा मोठ्या कंपनीच्या नावे निघतो आणि पुढच्या निविदेत लहान कंपनी पुन्हा अननुभवीच ठरते!

खर्चाच्या बाबतीत मुक्त संगणकप्रणालींनी मोठा हात दिला. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस यांच्यासाठी परवाना शुल्क पडत नाही. निविदेत विशिष्ट कंपनीच्या प्रणालीचे नाव न घालता खुल्या मानकांचा आग्रह धरला, तर किमतीची स्पर्धा बरोबरीची होते.

खरा कस लागतो तो प्रत्यक्ष जमिनीवर. महाराष्ट्रातील जुने गावनकाशे तेहतीस फुटी साखळीने केलेल्या मोजणीवर उभे आहेत. एका गुंठ्याची बाजू तीच. कालौघात आकसलेला, दुमडीवर फाटलेला तो कागद आजच्या उपग्रहाधारित निर्देशांकांवर बसवताना बांध जुळत नाहीत. गावठाणांची कथा आणखी निराळी, कारण तेथील घरांचा नकाशाच बहुतेक ठिकाणी नव्हता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनमोजणीचा प्रयोग झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना आली. उड्डाणापूर्वी घरांच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात. दोन भावांत वाद असेल, तर चुन्याची रेघ ओढणार कोण? ड्रोन वरून छप्पर दाखवतो, मालकी दाखवत नाही. अशा वेळी भूमी अभिलेख कर्मचारी, ग्रामसेवक आणि गावकरी यांना एकत्र बसवण्यात दिवस जातात. निविदेच्या वेळापत्रकात या दिवसांना सहसा जागा नसते. अनुभवी लहान कंपन्या म्हणूनच एका गावाचा नमुना आधी तयार करून अचूकतेचे निकष लेखी मंजूर करून घेतात. नंतर स्वीकृतीच्या वेळी ‘हे असे नको होते’ म्हणण्यास वाव कमी राहतो.

कारण बिल अडते ते स्वीकृतीपाशीच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ संकेतस्थळही सुरू झाले. परंतु ज्या कार्यालयाकडून पुढचे काम हवे, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास कोण धजावणार? उपकंत्राटात मात्र थोडा दिलासा आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने, सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे मुदतीत न दिल्यास मोठ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करमोजणीत वजा करता येत नाही. मार्च जवळ आला, की अडलेली काही बिले त्यामुळे हलू शकतात.