मावळांतील वाटेवरचीं स्मृतिचिन्हें

पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी तळेगांव सोडल्यावर वडगांव, कामशेत, मळवली, लोणावळें आणि खंडाळा हीं गांवें मागें टाकीत बोरघाट उतरतो. आगगाडीनें जावो कीं मोटारीनें, एवढा प्रदेश ओलांडण्यास त्यास फार वेळ लागत नाहीं. तेवढ्या वेळांत तो दोन हजार वर्षांच्या इतिहासाजवळून जातो. परंतु पुष्कळांस त्याची वार्ताही नसते. रस्त्याच्या कडेला एखादा स्तंभ दिसतो, एखादा शेंदूर फांसलेला दगड दिसतो, डोंगराच्या पोटांत कांहीं काळोखीं दारें दिसतात, आणि गाडी पुढें निघून जाते. हे स्तंभ, हे दगड आणि हीं दारें काय सांगतात व त्यांचें सांगणें कसें ऐकावें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत समजावून द्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

कोणतेंही स्मृतिचिन्ह पाहतांना चार प्रश्न विचारावे. तें कोणी उभारलें? केव्हां उभारलें? कोणाची आठवण राहावी म्हणून उभारलें? आणि त्यावर काय लिहावयाचें राहून गेलें? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा दगडावरच मिळतात. चौथ्याचें उत्तर मात्र आपणांस शोधावें लागतें.

मावळांतील सर्वांत जुनीं स्मृतिचिन्हें म्हणजे कार्लें, भाजें व बेडसें येथील लेण्यांतील शिलालेख होत. भाजें येथील लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला. कल्याण, सोपारा या बंदरांतून निघालेला माल बोरघाट चढून देशावर येत असे. त्या व्यापारी मार्गाच्या जवळ बौद्ध भिक्षूंस पावसाळ्यांत राहण्यासाठीं हीं लेणीं झालीं, आणि त्या मार्गानें येणाऱ्याजाणाऱ्या लोकांनीं त्यांस देणग्या दिल्या. कोणी एक खांब दिला, कोणी दार दिलें, कोणी पाण्याचें टाकें खोदून दिलें. ज्यानें जें दिलें त्याचें नांव ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत तेथेंच कोरलें गेलें.

कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद व जवळजवळ तितकेंच उंच आहे. भारतांतील कोरींव चैत्यगृहांत तें सर्वांत मोठें होय. त्यांत एकंदर ३७ खांब आहेत, आणि छताला लावलेल्या जुन्या सागवानी कमानी आजही जागच्या जागीं आहेत. हें शैलगृह वैजयंती येथील भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें पूर्ण केलें व तें जंबुद्वीपांत उत्तम आहे, असें तेथील एका लेखांत अभिमानानें सांगितलें आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकांतील बनवासी. दारापुढील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक यानें दिला. कांहीं खांबांवर धेनुकाकट येथील यवनांचीं नांवें आहेत. यावरून दूरदूरचे व्यापारी, सरदार व परदेशीय लोक एकाच कार्यास हातभार लावीत होते, हें उघड होतें.

याच लेण्यांतील एका राजाज्ञेंत, भिक्षूंस दिलेलें करजक हें गांव 'मामाल' प्रांतांत आहे असें म्हटलें आहे. ज्यास आज आपण मावळ म्हणतों त्याचेंच हें जुनें नांव होय, असें विद्वान मानतात. आपल्या तालुक्याचें नांव इतकें जुनें असून तें आपल्याच डोंगरावर कोरलेलें आहे, ही गोष्ट आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल बरें?

भाज्यास व बेडशास राजांचे मोठे लेख नाहींत. परंतु तेथील दोन लहान लेख आम्हांस फार मोलाचे वाटतात. भाजें येथील एका टाक्यावर, हें टाकें महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याचें दान आहे, इतकेंच लिहिलें आहे. बेडसें येथील टाक्यावर एका स्त्रीचें नांव आहे. महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका हिनें तें टाकें दिलें. कामशेतनजीक पालें येथील लेण्यांतही, अर्हतांस वंदन करून इंद्ररक्षित नांवाच्या एका भदंतानें लेणें व टाकें दिल्याचा लेख आहे. पाण्याच्या टाक्यास त्या काळीं 'पोढी' म्हणत. मावळांत पाऊस पुष्कळ पडतो. परंतु तो वाहून जातो व उन्हाळ्यांत डोंगरावर पाण्याचा थेंब मिळत नाहीं. अशा ठिकाणीं पाणी देणाऱ्याचें नांव दगडावर कोरून ठेवणें हें सर्वथा योग्यच होतें.

लेण्यांवरून खालीं गांवांत आलों म्हणजे दुसऱ्या प्रकारचे दगड दिसतात. महाराष्ट्रांत गांवोगांव देवळाच्या पुढें किंवा वेशीजवळ उभे असलेले वीरगळ पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांवर अक्षरें बहुधा नसतात. परंतु ते चित्रांनीं बोलतात. खालच्या चौकटींत वीर लढतांना किंवा पडलेला दिसतो. मधल्या चौकटींत अप्सरा त्यास वर नेतात. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो, आणि सर्वांच्या वर चंद्र-सूर्य असतात. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोंपर्यंत त्याची कीर्ति राहो. गुरें वळविणाऱ्या लुटारूंशीं किंवा शत्रूशीं लढतांना मेलेल्या साध्या माणसासाठींही असे दगड उभारीत. कोपरांत वांकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड म्हणजे सतीचा दगड. त्याकडे पाहतांना एका जुन्या क्रूर चालीची आठवण होते. तीही इतिहासाचाच भाग आहे, व ती विसरूं नये.

आतां वडगांवाकडे वळूं. रघुनाथरावास पेशवाईवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांचें सुमारें चार हजारांचें सैन्य इ. स. १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यास आलें. मराठ्यांनीं समोरासमोर मोठी लढाई टाळून त्यास चोहोंकडून सतावण्यास आरंभ केला. जानेवारी १७७९ च्या आरंभीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा इंग्रज अधिकारी तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. पुढें सैन्य तळेगांवास पोहोंचलें, तों मराठ्यांनीं तें गांव आधींच जाळून टाकलेलें! दाणा नाहीं, वैरण नाहीं. अखेर जड तोफा तळ्यांत टाकून रात्रीं इंग्रज मागें फिरले. परंतु वडगांवास महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजांनीं त्यांस वेढिलें, आणि त्यांस तह करावा लागला. या विजयाचें स्मारक व महादजी शिंद्यांचा पुतळा आज वडगांवीं आहे.

येथें आमचा चौथा प्रश्न विचारावा. स्मारक विजय सांगतें, आणि तो खराच आहे. परंतु कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलनें हा तह मान्य केला नाहीं. युद्ध पुढें चालूच राहिलें, आणि इ. स. १७८२ मध्यें सालबाईच्या तहानें तें मिटलें. शिवाय तळेगांवचीं जीं घरें युद्धाच्या सोयीसाठीं जाळलीं गेलीं तीं शत्रूचीं नव्हतीं, आपल्याच लोकांचीं होतीं. विजयाची किंमत त्या गांवकऱ्यांनींही दिली. त्यांच्या नांवाचा स्तंभ कोठें नाहीं. उलट आणखी एक गोष्ट पाहा. पडलेल्या स्टुअर्टच्या शौर्यावर खूष होऊन मराठ्यांनींच त्यास 'इष्टुर फांकडा' असें नांव दिलें, आणि वडगांवांत त्याचें म्हणून दाखविलें जाणारें थडगें लोकांनीं जपलें. शत्रूचाही गुण ओळखावा, हा धडा मावळच्या लोकांनीं पुस्तकांवांचून गिरविला होता.

लोहगडची गोष्टही सांगण्यासारखी आहे. हा किल्ला पुरंदरच्या तहानें इ. स. १६६५ मध्यें मोंगलांकडे गेला व इ. स. १६७० मध्यें मराठ्यांनीं तो परत घेतला. तेथें नाना फडणवीस यांच्या काळांत, शके १७११ म्हणजे इ. स. १७८९ मध्यें, बांधलेल्या विहिरीचा लेख आहे. त्यांत नानांच्या नांवाबरोबर काम पाहणारे धोंडो बल्लाळ नितसुरे यांचेंही नांव आहे. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. त्या बारांत आपला लोहगड आहे.

आतां बोरघाट. इ. स. १८३० मध्यें, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, या घाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्या काळचा खंडाळ्याचा पूल पुढें 'अमृतांजन पूल' या नांवानें सर्वांच्या ओळखीचा झाला. तो एप्रिल २०२० मध्यें पाडण्यात आला. त्याखालून जाणाऱ्या द्रुतगति मार्गावर त्याच्या खांबांमुळें वाहतुकीस अडचण व धोका होत होता, हें खरें. परंतु १९० वर्षांची एक खूण गेली, हेंही तितकेंच खरें. पुढें इ. स. १८५६ मध्यें घाटांतील लोहमार्गाचें काम सुरू झालें व मे १८६३ मध्यें तो खुला झाला. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढण, आणि वाटेंत २५ बोगदे! एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर येथें राबत होते. पटकी, ताप व अपघात यांनीं त्यांतील कित्येक हजार मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा इ. स. १८५९ मध्यें येथें येतांच थोड्या दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. अभियंत्यांचीं व कंत्राटदारांचीं नांवें ग्रंथांत आहेत; मजुरांचीं नाहींत.

परंतु जें ग्रंथांनीं केलें नाहीं तें लोकांनीं आपल्या परीनें केलें. घाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. शिंगरोबा हा एक धनगर होता. घाटांतून वाट कोठून काढावी हें त्यानें इंग्रजांस दाखविलें, आणि बक्षीस म्हणून देशाचें स्वातंत्र्य मागितलें तेव्हां त्यास ठार मारण्यांत आलें, अशी दंतकथा आहे. जुन्या रस्त्यानें जाणारे प्रवासी अजून तेथें नाणें वाहतात. दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे. ती पुरावा म्हणून पुढें करूं नये. तथापि डोंगराची वाट डोंगरांत राहणाऱ्यासच ठाऊक असते, आणि त्याचें श्रेय त्यास मिळालें नाहीं, ही लोकांच्या मनांतील सल तिच्यांत जपली गेली आहे.

मागें एकदां आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह भाजें येथें गेलों होतों. टाक्यावरील लेखाचा अर्थ सर्वांस सांगून झाला, आणि थोड्याच वेळानें एक मुलगा अणकुचीदार खडा घेऊन भिंतीवर आपलें नांव कोरूं लागला. लेण्यांवरचा म्हातारा पहारेकरी जवळ आला. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "पोरा, ज्यांची नावं हितं हायेत, त्यांनी पाण्याचं टाकं दिलंय. तू काय दिलंस?" मुलाच्या हातांतील खडा गळून पडला. आम्हीही खालीं पाहिलें. कारण लेखाचा अर्थ आम्हीं सांगितला होता, पण त्याचें मर्म त्या पहारेकऱ्यानें सांगितलें.

संरक्षित स्मारक विद्रूप करणें हा इ. स. १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. परंतु गांवांतील वीरगळांपुढें पहारेकरी नसतो. रस्ता रुंद होतो तेव्हां ते खणून बाजूस टाकले जातात, कोणी त्यांचा पायरीसाठीं उपयोग करतो, कोणी त्यांवर कपडे धुतो. हें दुष्टपणानें होत नाहीं, अज्ञानानें होतें. आणि अज्ञान दूर करणें हें तर शाळेचेंच काम आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. येत्या सुट्टींत प्रत्येकानें आपल्या गांवांतील एक जुना दगड निवडावा. तो कोठें आहे, किती उंच आहे, त्यावर काय कोरलें आहे, हें वहींत उतरून घ्यावें व त्याचें चित्र काढावें. दगड हलवूं नये, घासूं नये, त्यावर रंग लावूं नये. मग घरांतील आजोबा-आजींस त्याविषयीं विचारावें, आणि त्यांनीं सांगितलेलें 'ऐकींव' म्हणून वेगळें लिहावें. नाणे मावळ, पवन मावळ व अंदर मावळ येथून अशा वह्या जमल्या, तर दगड हरवला तरी त्याची नोंद हरवणार नाहीं. पालकांनीं या कामीं मुलांस एक दिवस द्यावा, अशी त्यांस आमची नम्र विनंति आहे.