नेटवर्क कार्ड

संगणकाला जालकाशी जोडणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. संगणकातील माहितीचे तारेतून किंवा रेडिओ तरंगांवरून जाऊ शकणाऱ्या संकेतांत रूपांतर करणे व आलेल्या संकेतांपासून ती पुन्हा मिळविणे, हे त्याचे कार्य होय. अनेक संगणकांत हे मंडल मुख्य मंडलपट्टावरच असते.

घरगुती जालकात तारेच्या जोडणीसाठी ईथरनेट ही पद्धती वापरतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज व त्यांचे सहकारी यांनी १९७३ पासून ती विकसित केली. १९८३ मध्ये तिचे ८०२.३ हे मानक संमत झाले. हे मानक पाळणारी भिन्न उत्पादकांची कार्डे परस्परांशी जुळतात. त्यामुळे सर्व कार्डे एकाच कंपनीची असण्याची गरज नसते.

सुसंगतीचा खरा प्रश्न इतरत्र असतो. कार्ड संगणकातील खाचेत बसणारे असावे लागते. जुन्या पीसीआय खाचेत पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसत नाही. तसेच वापरातील कार्यप्रणालीसाठी त्या कार्डाची चालक आज्ञावली उपलब्ध असावी लागते.

जोडणीचा वेग तिच्यातील सर्वांत मंद घटकावर अवलंबून असतो. सेकंदाला १,००० मेगाबिट वेगाचे कार्ड १०० मेगाबिटच्या स्विचला जोडल्यास १०० मेगाबिटच वेग मिळतो. १,००० मेगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणून एखादी तार तुटलेली असल्यास नवे कार्ड घेऊनही वेग वाढत नाही. ५ई वर्गाच्या केबलची कमाल लांबी १०० मी. असते.

दोन्ही टोके वेग व प्रेषणाचा प्रकार आपोआप ठरवितात. एका टोकास १०० मेगाबिट व एकाच वेळी दुतर्फा प्रेषण असे हाताने ठरवून दिले आणि दुसरे स्वयंचलित ठेवले, तर दुसरे टोक आळीपाळीने प्रेषण करू लागते. जोडणी चालू दिसते. परंतु मोठ्या फाइली पाठविताना ती अतिशय मंदावते. दोन्ही टोके स्वयंचलित ठेवणे हा यावर उपाय आहे.

बिनतारी कार्डे ८०२.११ या १९९७ च्या मानकावर व त्याच्या पुढील आवृत्त्यांवर आधारलेली आहेत. केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या कार्डास ५ गिगाहर्ट्‌झवरील जालक आढळत नाही. २००४ मधील डब्ल्यूपीए-२ ही संरक्षण पद्धती न जाणणाऱ्या जुन्या कार्डासाठी जालकाचे संरक्षण दुबळे करावे लागते व त्याची झळ घरातील सर्वच संगणकांना पोहोचते. असे कार्ड बदलणे इष्ट ठरते.