गोठा ओला, गल्ला रिकामा

कर्ज काढून दोन-चार संकरित गायी घ्यायच्या आणि मोहल्ल्यात दुधाचा रतीब लावायचा, हा धंदा आपल्यातील बरेच जण करतात. गाय घेताना वेत कितवे, दूध किती, कास कशी, हे सारे पारखले जाते. ती बांधायची कुठे, याचा विचार मात्र गाय दारात आल्यावर होतो. तोट्याची सुरुवात बहुधा इथेच होते.

दगडी म्हणजे कासदाह हा दूधधंद्यातील फार महागडा रोग. कास सुजली, दुधात गाठी आल्या की कोणालाही कळते. खरा चोर आहे तो सुप्त दगडीचा. कास चांगली दिसते, दूधही पांढरेशुभ्र, फक्त ते कमी होत जाते. समजा, १२ लिटरच्या गायीचे दीड लिटर घटले आणि भाव ४० रुपये धरला, तर महिन्याला नेमके १८०० रुपये गेले. आणि मालक पेंडवाल्याला शिव्या देत बसतो! हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. चारही सडांचे दूध चार कप्प्यांच्या थाळीत वेगवेगळे घेऊन त्यात औषधी द्रावण मिसळायचे. ज्या कप्प्यातले दूध चिकट, घट्ट होईल, त्या सडात बिघाड. जनावरांच्या डॉक्टरांकडून एकदा शिकून घेतली की ही चाचणी घरीच करता येते.

रोगजंतू काही शेणामुताने भिजलेल्या जमिनीतून येतात, तर काही धार काढणाऱ्याच्या हातातून आणि त्या एकाच फडक्यातून, ज्याने सगळ्या गायींची कास पुसली जाते. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते. नेमकी त्याच वेळी गाय ओल्या फरशीवर बसते. म्हणून धार संपताच गव्हाणीत ताजी वैरण टाकावी. खाण्याच्या नादात ती उभी राहते. याला जादा पैसा लागत नाही. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि आजारी गायीची धार सर्वांत शेवटी काढावी. अंगठा दुमडून सड ओढण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. त्याने सडाला आतून इजा होते.

प्रतिजैविकाचे औषध दिले असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नये. त्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे दही-मिठाईवाल्यांना सांगायला नको.

कोरडी, मऊ जागा मिळाली तर गाय दिवसाचे निम्मे तास बसून रवंथ करते. आखूड दोरी आणि खडबडीत फरशी असेल तर ती उभीच राहते, खूर बिघडतात, गुडघे सोलतात. आपल्याकडे आता अनेकांनी मुक्त संचार गोठा केला आहे. तारेचे साधे कुंपण, आत सावली आणि पाण्याचा हौद. गाय हवे तेव्हा पाणी पिते, आणि दुधाचा बहुतेक भाग पाणीच असते.

बाजारातून आणलेली गाय तीन आठवडे वेगळी बांधावी. २०२२ साली लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रातले जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते. तो रोग चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो. लस हवीच, पण गोठ्यामागचे तुंबलेले डबकेही बुजवायला हवे.

गाभडण्याच्या सांसर्गिक रोगाची गोष्ट वेगळी. तो माणसालाही होतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि निदान होईपर्यंत कामाचे कित्येक दिवस जातात. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस टोचतात. गाय गाभडली तर वार उघड्या हाताने उचलू नये, ती चुना टाकून खोल पुरावी, आणि घरातल्या मुलांना त्या गायीचे दूध न उकळता देऊ नये.